कुठे उतरलात? : वॉटसन, सरदारगृह आणि मुंबईचा सरकता मध्य

परगावाहून आलेल्या माणसाला आपण विचारतो, ‘कुठे उतरलात?’ गाडीतून उतरणे आणि मुक्कामाला उतरणे या दोन्हींसाठी मराठीत एकच क्रियापद आहे. जिथे पाय जमिनीला लागला तिथेच आसपास पाठ टेकायची, हा जुन्या प्रवासाचा शिरस्ता त्या क्रियापदात मुरलेला दिसतो. नदीकाठी धर्मशाळा, वेशीपाशी सराई, बंदरावर मुसाफिरखाना. आजची हॉटेले मात्र वेगळे आश्वासन देतात. ‘शहराच्या मध्यवर्ती भागात, सर्व प्रेक्षणीय स्थळांपासून जवळ’ हे वाक्य इतके सर्रास झाले आहे की ते आपण वाचतो आणि विसरतो.

त्या वाक्यातील ‘मध्यवर्ती’ हा शब्द मला बरेच दिवस सतावत होता. गावाला मध्य असतो. तिथे पार असतो, चावडी असते. पण समुद्रात भर घालून लांबट वाढलेल्या मुंबईसारख्या शहराचा मध्य कुठे धरायचा? तो कोणी ठरवला? एखादे हॉटेल मध्यवर्ती आहे असे म्हणताना ते कोणापासून जवळ आणि कोणापासून लांब असते? या प्रश्नांचा माग काढत मी मुंबईतील दोन मुक्कामांच्या जागांपाशी येऊन थांबलो. एक काळ्या घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल, दुसरे क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह. दोन्हींमधले अंतर सुमारे दोन किलोमीटर. रमतगमत चालले तर अर्धा तास पुरतो. पण या अर्ध्या तासाच्या वाटेवर एकाच शहराचे दोन मध्य होते, आणि त्यांच्यामधली रस्सीखेच हा मुंबईच्या आधुनिक इतिहासाचा एक लहानसा पण बोलका अध्याय आहे, असे माझे मत झाले आहे.

तट पडला, माळ उरला

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईचा किल्ला हा खरोखरचा किल्ला होता. तट, खंदक आणि अपोलो, चर्च व बझार असे तीन दरवाजे. तटाबाहेर एस्प्लनेडचे मोकळे मैदान, आणि त्या मैदानापलीकडे एतद्देशीयांची दाट वस्ती. तोफांच्या माऱ्यात अडथळा नको म्हणून हे मैदान मुद्दाम रिकामे ठेवलेले होते. म्हणजे ज्या जागेला आपण आज शहराचे काळीज समजतो ती दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी दोन वस्त्यांना दूर ठेवणारी पोकळी होती.

१८६२ साली सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर म्हणून आला आणि तट पाडण्याचे काम धडाक्याने सुरू झाले. काळही अनुकूल होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद पडला होता, लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवा होता आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. तटाच्या जागी आणि मैदानाच्या कडेला मोकळे झालेले भूखंड सरकारने लिलावात काढले. १८६४ च्या लिलावात एस्प्लनेडवरचा एक भूखंड जॉन हडसन वॉटसन नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने घेतला.

वॉटसनच्या मनात आधी हॉटेल नव्हते. त्याला हवे होते कापडाचे भव्य दालन आणि कचेऱ्या. रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याने त्यासाठी इमारतीचा आराखडा केला. ओतीव आणि घडीव लोखंडाचे खांब आणि तुळया इंग्लंडात तयार झाल्या, जहाजांत भरून मुंबईला आल्या आणि १८६७ ते १८६९ या काळात जागेवर जोडल्या गेल्या. इमारतीचा भार भिंतींवर नाही, लोखंडी सांगाड्यावर. भिंती फक्त मधली पोकळी भरायला. पुढे गगनचुंबी इमारती ज्या तत्त्वावर उभ्या राहिल्या त्याचे हे फार आधीचे उदाहरण. दगडविटांच्या भरभक्कम बांधकामाची सवय झालेल्या मुंबईकरांना हे प्रकरण चमत्कारिक वाटले असणार. त्या काळच्या एका वर्णनात तर तिला जमिनीतून उगवलेल्या पक्ष्याच्या प्रचंड पिंजऱ्याची उपमा दिलेली आढळते.

इमारत पुरी होईतो दोन गोष्टी घडल्या होत्या. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले आणि कापसाची तेजी एका फटक्यात कोसळली. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला, आणि मुंबई युरोपातून येणाऱ्या जहाजांचे पहिले मोठे हिंदी बंदर ठरली. १८७१ साली त्या लोखंडी पिंजऱ्यात १३० खोल्यांचे हॉटेल सुरू झाले. अपोलो बंदरावर उतरलेला साहेब सामान हमालांच्या डोक्यावर देऊन थोड्याच वेळात तिथे पोचत असे.

मध्य आधी की हॉटेल आधी?

इथे तारखा शेजारी शेजारी मांडून पाहिल्या की गंमत लक्षात येते. हॉटेल उघडले त्या १८७१ साली आजूबाजूला काय होते? जवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय नुकतेच, १८७० मध्ये, पुरे झाले होते. सचिवालयाची इमारत १८७४ ला पुरी झाली. विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृहही १८७४ चे. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर १८७८ चा, उच्च न्यायालयही १८७८ चे. ज्याच्यावरून त्या चौकाला ‘काळा घोडा’ नाव पडले तो प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा १८७९ ला बसला. एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत १८८८ ची.

म्हणजे पहिल्या पाहुण्यांना सज्जातून दिसत होते ते मुख्यतः परांच्या आणि दगडांचे ढीग. ‘मध्यवर्ती’ ठिकाणी हॉटेल बांधले गेले असे म्हणता येत नाही. इथे मध्य होणार आहे असा तो एक सट्टा होता. कापसातला सट्टा बुडाला, हा तगला. दहा वर्षांत न्यायालय, विद्यापीठ, सचिवालय, ग्रंथालय या साऱ्या संस्था हॉटेलाभोवती उभ्या राहिल्या आणि राज्यकर्त्यांच्या मुंबईचा मध्य तिथे पक्का झाला.

पण तो राज्यकर्त्यांच्या मुंबईचा. १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. मराठीतले हे पहिले विस्तृत नगरवर्णन. माडगांवकरांच्या शहरात किल्ला आहेच, पण त्याचबरोबर देवळे आहेत, तलाव आहेत, बाजार आहेत, जातीजातींचे आणि धंद्याधंद्यांचे लोक आहेत. १८८९ साली बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ आला. या दोन मराठी ग्रंथांशेजारी इंग्रज प्रवाशाच्या हाती असणारे मरेचे हातपुस्तक ठेवावे. त्याच्यासाठी मुंबई म्हणजे किल्ल्यातल्या सरकारी इमारती, मलबार टेकडी, पारशांच्या दोखम्यांचा परिसर आणि बोटीने घारापुरी. आपला माणूस मुंबई बघायला निघाला तर मुंबादेवी, वाळकेश्वर, महालक्ष्मी हे आधी. मग राणीची बाग. ती १८६२ ला सुरू झाली आणि तिच्यातले वस्तुसंग्रहालय १८७२ ला खुले झाले. त्या संग्रहालयासाठी डॉ. भाऊ दाजी लाड यांनी केलेल्या खटपटीची जाण म्हणून १९७५ मध्ये त्याला त्यांचे नाव मिळाले.

दोन याद्यांतली स्थळे एकाच बेटावरची, पण त्यांचे मध्य वेगळे. वॉटसनच्या दारातून राणीची बाग लांब होती आणि अपोलो बंदर हाकेच्या अंतरावर. भुलेश्वरातल्या बिऱ्हाडातून मुंबादेवी दोन पावलांवर होती, आणि राजाबाई टॉवर ही मुद्दाम एक दिवस काढून पाहायची नवलाई.

दोन आण्यांचे शहर

या दोन मुंबईंना एका धाग्यात ओवले ते ट्रामने. तोवर फिरण्याची साधने ऐपतीप्रमाणे वाटलेली होती. पैसेवाल्याला बग्गी नाहीतर शिग्राम, मधल्याला बैलांची रेकला, बाकीच्यांना स्वतःचे पाय. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. मार्ग दोन : कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणी, आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी. कुलाबा ते पायधुणी भाडे आरंभी तीन आणे होते. लवकरच ते दोन आण्यांवर आले. सुरुवातीला तिकिटेही नव्हती, नाणे हातात द्यायचे आणि बसायचे. या कंपनीच्या तबेल्यांत पुढे नऊशे घोडे होते. १८९९ मध्ये सरसकट एक आणा भाडे झाले.

या मार्गांकडे जरा नीट पाहिले पाहिजे. दोन्हींचे दुसरे टोक पायधुणी आहे, किल्ला नव्हे. कंपनीला प्रवासी हवे होते, आणि प्रवासी होते ते काळबादेवी, भुलेश्वर, पायधुणीच्या दाट वस्तीत. गव्हर्नरच्या नकाशात मध्य एस्प्लनेडवर होता. ट्राम कंपनीच्या हिशेबवहीत तो मैल-दीड मैल उत्तरेला सरकला होता. आणि या दोहोंच्या सांध्यावर होते बोरीबंदर. १८५३ च्या एप्रिलमध्ये ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली ती इथूनच. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आखलेली स्टेशनाची भव्य इमारत १८८८ मध्ये पुरी झाली. जहाजाने येणाऱ्यांसाठी शहराचे दार अपोलो बंदर होते. नाशिक, पुणे, सोलापूर, खानदेश, वऱ्हाडातून येणाऱ्यांसाठी बोरीबंदर. एकदा दार वेगळे झाले की ‘उतरण्याची’ जागाही वेगळी होणारच.

दाराच्या आत

वॉटसनचा पाहुणा मुख्यतः गोरा होता. जमशेटजी टाटांना तिथे प्रवेश नाकारला गेला आणि त्या रागातून ताजमहाल हॉटेल जन्मले, ही कथा प्रत्येक मुंबईकराला पाठ असते. या कथेला समकालीन कागदाचा आधार मिळत नाही आणि जाणते इतिहासकार तिला आख्यायिकाच मानतात. तरीही ती शंभर वर्षे टिकली, कारण दाराशी अडवले जाण्याचा अनुभव त्या पिढीला नवा नव्हता. प्रसंग कदाचित घडला नसेल. पण तो घडणे कोणालाच अशक्य वाटले नाही, आणि इतिहासाच्या दृष्टीने ही गोष्टही नोंद करण्याजोगी आहे.

दाराच्या आत काय घडत होते याचा एक लेखी साक्षीदार मात्र आपल्याकडे आहे. १८९६ च्या जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन वॉटसनमध्ये उतरला होता. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या प्रवासवर्णनात त्याने त्या मुक्कामाविषयी लिहिले आहे. हॉटेलवरच्या कावळ्यांचा त्याने घेतलेला समाचार पुष्कळांनी वाचलेला असतो. त्याच पानांच्या आगेमागे एक लहानसा प्रसंग येतो. सज्जाच्या काचेच्या दाराचे काही काम करायला एक देशी नोकर गुडघ्यांवर बसला. खोली दाखवायला बरोबर आलेल्या धिप्पाड जर्मन इसमाला ते काम पसंत पडले नाही. काय चुकले हे सांगण्याआधीच त्याने नोकराच्या जबड्यावर एक ठोसा लगावला. नोकराने तो मुकाट्याने सोसला. ट्वेनला त्या क्षणी आपले बालपण आठवले : मिसूरीतले, गुलामगिरीच्या दिवसांतले. गुलामाला आपली इच्छा समजावून सांगण्याची ही नेहमीचीच रीत होती, ही विसरलेली गोष्ट त्याला पन्नास वर्षांनी मुंबईच्या हॉटेलात आठवली.

त्या नोकराचे नाव ट्वेनने दिलेले नाही. तो कुठल्या गावचा, रात्री कुठे पाठ टेकत होता, याचा उल्लेख नाही. इतकेच दिसते की शहराच्या सर्वांत मध्यवर्ती हॉटेलच्या अगदी मध्यभागी तो होता आणि त्या मध्यावर त्याचा कसलाही हक्क नव्हता.

ट्वेन फिरलाही पुष्कळ. पारशांचे दोखमे पाहिले, मलबार टेकडीवर गेला. एका रात्री एका हिंदू घरच्या वाङ्निश्चयाला निघालेला असताना त्याची गाडी देशी वस्तीतून गेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जमिनीवर अंथरलेली माणसे, पांघरूण डोक्यावरून घेतलेली, निश्चल. त्याला ती प्रेतांसारखी भासली. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला, आणि ट्वेनने पुस्तक लिहिताना त्या दृश्याचा प्लेगशी संबंध जोडला. हॉटेलपासून थोड्या मिनिटांच्या घोडागाडीच्या अंतरावरचे हे शहर कुठल्याही हातपुस्तकाच्या ‘प्रेक्षणीय स्थळां’त नव्हते.

सात दिवसांत सरकलेला सिनेमा

त्याच १८९६ साली वॉटसनमध्ये घडलेली दुसरी घटना मात्र प्रत्येक चित्रपटविषयक ग्रंथात आहे. ल्युमिएर बंधूंचा प्रतिनिधी मारियस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत थांबला होता. ७ जुलै रोजी संध्याकाळी त्याने वॉटसनमध्ये सिनेमॅटोग्राफचा खेळ केला. स्टेशनात शिरणारी आगगाडी, समुद्रस्नान, भिंत पाडण्याचे काम, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार अशी सहा छोटी चित्रे. संध्याकाळी सहा आणि सात, रात्री नऊ आणि दहा असे चार खेळ. प्रवेशमूल्य एक रुपया.

एक रुपया म्हणजे सोळा आणे. ट्रामच्या दोन आण्यांच्या आठ फेऱ्या. आणि केवळ पैशाचा प्रश्न नव्हता. साहेबांच्या हॉटेलात पाय ठेवायचा तर अंगात धीर हवा, पायांत बूट हवेत. हे दोन्ही असलेली मराठी माणसे त्या काळी बोटांवर मोजण्याइतकी.

पुढे जे झाले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. १४ जुलैपासून हे खेळ वॉटसन सोडून नॉव्हेल्टी थिएटरात होऊ लागले. नॉव्हेल्टी बोरीबंदराच्या बाजूला; तिथेच पुढे एक्सेलसिअर उभे राहिले. महिनाअखेरीपर्यंत दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत निरनिराळे झाले, आणि पडदानशीन स्त्रिया व कुटुंबे यांच्यासाठी राखीव जागा ठेवल्या गेल्या. एका आठवड्यात सिनेमा दीड-एक किलोमीटर उत्तरेला सरकला, आणि तेवढ्याने त्याचा प्रेक्षक बदलला. हिंदी चित्रपटाची जन्मभूमी म्हणून वॉटसनचे नाव घेण्याची प्रथा आहे. पण हिंदी प्रेक्षकाची जन्मभूमी शोधायची तर बोरीबंदरच्या चौकात जावे लागेल. सेस्तिएला या शहराचा नकाशा कोणी समजावून सांगितला कोण जाणे. पण चार आणेवाला गिऱ्हाईक कुठे राहतो आणि कुठवर येतो, हे त्याला आठ दिवसांत उमगले.

त्या वर्षीच्या या खेळांनी झपाटलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजे सावेदादा हे मराठी छायाचित्रकार होते. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला, आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला झालेली एक कुस्ती चित्रित केली. १९०१ च्या डिसेंबरात केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेले र. पु. परांजपे यांच्या स्वागताचेही चित्रण त्यांनीच केले. वॉटसनच्या पडद्यावर परकी आगगाडी शिरली होती. पाच वर्षांत आपला माणूस बोटीतून उतरताना आपल्याच माणसाच्या कॅमेऱ्यात शिरला.

सरदारगृह

क्रॉफर्ड मार्केटजवळ कार्नाक रोडवर, पोलीस आयुक्तांच्या कचेरीसमोर सरदारगृह होते. परगावच्या प्रतिष्ठित मराठी माणसाचे मुंबईतले उतरण्याचे ठिकाण. त्याची सोय नकाशावर बोट ठेवून समजते. बोरीबंदर स्टेशन पायी काही मिनिटांवर. दारापाशी क्रॉफर्ड मार्केट, पलीकडे काळबादेवी नि गिरगाव, आणि ट्रामने थोड्या वेळात उच्च न्यायालय. त्याहूनही मोठी सोय म्हणजे जेवण. त्या काळच्या मराठी प्रवाशापुढचा खरा प्रश्न खोलीचा नव्हता, पानाचा होता. कोणाच्या हातचे, कोणाच्या पंगतीला, सोवळ्याओवळ्याचे काय? म्हणून माणूस नातेवाइकाकडे किंवा गाववाल्याकडे बिऱ्हाड शोधत असे. पैसे मोजून राहायचे आणि आपल्या पद्धतीचे जेवायचे, ही व्यवस्था झाली तेव्हाच आपल्या लोकांच्या दृष्टीने हॉटेल हे हॉटेल झाले. अर्थात या दारालाही आपले उंबरे होते. सोवळ्याची सोय ज्यांच्यासाठी होती त्यांच्यात सगळा महाराष्ट्र बसत नव्हता, हे विसरून चालणार नाही.

लोकमान्य टिळक मुंबईला आले की सरदारगृहात उतरत. १९०८ च्या जूनमध्ये ‘काळ’कर्ते शि. म. परांजपे यांच्यावरील खटल्याच्या निमित्ताने ते आले होते, आणि २४ जूनला त्यांना सरदारगृहातच अटक झाली. पकडणाऱ्यांना लांब जावे लागले नाही. रस्ता ओलांडायचा होता. मध्यवर्ती जागेचा हा तोटा : स्टेशन जवळ, कोर्ट जवळ, तशी पोलीस कचेरीही जवळ.

खटला चालला उच्च न्यायालयात, १३ ते २२ जुलै. न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर. पंचांत सात युरोपियन आणि दोन पारशी; ज्या मराठी लेखांवरून राजद्रोहाचा आरोप होता ते लेख मुळातून वाचू शकणारा त्यांत कोणी नव्हता. सात विरुद्ध दोन असा कौल आला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. न्यायालयाची इमारत वॉटसनपासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर आहे. सरदारगृहातला पाहुणा वॉटसनच्या परिसरात पोचला तो असा, आरोपी म्हणून. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. सहा वर्षांसाठी सहा दिवसांचा हा संप. त्या सहा दिवसांत शहराचा मध्य ना एस्प्लनेडवर होता ना कार्नाक रोडवर. तो परळ-लालबागेत होता.

१ ऑगस्ट १९२० च्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात टिळकांनी सरदारगृहात देह ठेवला. दिवस उजाडेतो रस्ते माणसांनी भरले. पार्थिव सरदारगृहाच्या सज्जात दर्शनासाठी ठेवण्यात आले. भर पावसात निघालेली अंत्ययात्रा चौपाटीवर पोचली, आणि जिथे दहनाची वहिवाट नव्हती त्या वाळवंटात अग्निसंस्कार झाला. मुंबईने तोवर व्हाइसरॉय पाहिले होते, राजेराण्या पाहिल्या होत्या. त्यांच्या मिरवणुका अपोलो बंदरावरून निघत. या दिवशी शहर एका लॉजच्या सज्जाखाली गोळा झाले. कार्नाक रोडचा पुढे लोकमान्य टिळक मार्ग झाला. पाटी नंतर बदलली. मध्य त्या दिवशीच बदलला होता.

लोखंड गंजते तेव्हा

वॉटसनचा उतार मात्र त्याआधीच सुरू झाला होता. १६ डिसेंबर १९०३ रोजी अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उघडले. बोटीतून उतरणाऱ्याला आता तेवढी वाटही चालायला नको होती. १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावू लागली. १५ जुलै १९२६ रोजी पहिली बस सुटली, अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. तिच्या मार्गावर कुलाबा, काळा घोडा, बोरीबंदर सारे आले. फिरणे जसजसे स्वस्त आणि जलद झाले तसतसे मधोमध राहण्याचे मोल घटत गेले. त्याच दशकात वॉटसनचे हॉटेल बंद पडले.

इमारत मात्र चालत राहिली, कारण न्यायालये जागची हलली नव्हती. १३० खोल्यांच्या त्या पिंजऱ्यात वकिलांच्या कचेऱ्या, छोटे धंदे, कुटुंबे दाटीवाटीने भरली. साहेबांच्या दृष्टीने ती आता मध्यवर्ती नव्हती, पक्षकारांच्या दृष्टीने तिच्याइतके मध्यवर्ती काही नव्हते. नाव बदलत बदलत ‘एस्प्लनेड मॅन्शन’ झाले. ज्या दारातून एके काळी आपल्या माणसाला नोकर म्हणूनच जाता येई, त्याच दारातून सातारा-सांगलीचा शेतकरी जमिनीच्या दाव्याचे कागद काखेत मारून वकिलाला भेटायला जाऊ लागला. या इमारतीच्या इतिहासात ट्वेन आणि ल्युमिएर यांना मिळते तेवढी जागा या पन्नास-साठ वर्षांना कोणी देत नाही. माझ्या मते तो तिचा सर्वांत लोकाभिमुख काळ होता.

दोन मुक्कामांच्या मधल्या वाटेवरही बदल होतच होते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. गव्हर्नर फ्रिअरच्या सन्मानार्थ उभारलेल्या त्या कारंज्याशेजारी आज हुतात्म्यांचे स्मारक आहे आणि चौकाचे नाव हुतात्मा चौक. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली. पुढच्या वर्षी काळ्या घोड्याचा पुतळा हलवला गेला. तो आता राणीच्या बागेत आहे. साहेबांच्या मध्यावरचा घोडा अखेर आपल्या लोकांच्या सहलीच्या ठिकाणी जाऊन उभा राहिला.

२००५ च्या पावसाळ्यात एस्प्लनेड मॅन्शनच्या सज्जाचा भाग कोसळून एकाचा बळी गेला. त्याच सुमारास जगातील धोक्यात आलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले. २०१८ मध्ये ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आणि २०१९ मध्ये, अवघ्या वर्षभरात, उच्च न्यायालयाच्या आदेशाने इमारत रिकामी करण्यात आली. तपासणीत ती दुरुस्तीपलीकडे गेल्याचे मत आले होते. ती पाडावी की सावरावी हा वाद तेव्हापासून चालू आहे.

या वादात लोखंडी सांगाड्याचे तांत्रिक महत्त्व सांगितले जाते, आणि ते खरेच मोठे आहे. पण जतन करायचे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. पुन्हा एक आलिशान हॉटेल करून ‘शहराच्या मध्यवर्ती भागात’ अशी पाटी लावणे सोपे आहे. जवळच भुयारी मेट्रोचे हुतात्मा चौक स्थानक झाले आहे. जहांगीर कलादालन आणि वस्तुसंग्रहालय चार पावलांवर आहेत. पाहुणे मिळतील, दरही मिळतील. आणि खोलीचे भाडे पाहून दारातूनच परत फिरणाऱ्यांची नवी पिढीही मिळेल.

उच्च न्यायालयात टिळकांचा खटला चालला त्या दालनाबाहेर स्वातंत्र्यानंतर त्यांच्या उद्गारांची पाटी बसवली गेली. शिक्षा देणाऱ्या इमारतीने शिक्षा भोगणाऱ्याचे शब्द स्वतःच्या भिंतीवर लावून घेतले, ही आपल्या सार्वजनिक जीवनातली मोठी गोष्ट आहे. वॉटसनचा सांगाडा वाचला, तर त्याच्या भिंतीवर ऑर्डिशचे नाव हवे, ट्वेनचे हवे, ७ जुलै १८९६ ही तारीखही हवी. पण त्यांच्याखाली दोन ओळी आणखी असाव्यात. एक, सज्जाच्या दाराशी गुडघ्यांवर बसून काम करणाऱ्या त्या बिननावाच्या माणसासाठी. दुसरी, साठ-सत्तर वर्षे त्या जिन्यांवरून दाव्याचे कागद घेऊन चढलेल्या-उतरलेल्या पक्षकारांसाठी. त्या इमारतीत सर्वांत जास्त माणसे त्यांच्यातलीच आली, आणि ‘कुठे उतरलात?’ असे त्यांना तिथे कोणी विचारले नाही.